बेगमसमोरची इंग्रजी

शेवयांचं मशीन खाटेला आवळून झालं, अंगणात जुन्या साड्या अंथरून झाल्या, तरी बादशाह सरांनी वही उघडली नव्हती. घरात सगळ्यांच्या हे ध्यानात आलं होतं आणि कुणीच ते बोलून दाखवत नव्हतं. रविवारी लेकरं जमली की जेवणाआधी सरांनी आठवडाभरात लिहिलेलं पान वाचायचं, हा या घरचा शिरस्ता. वालचंदनगरची क्वार्टर सोडून इथं बारामतीबाहेर, कन्हेरीच्या रस्त्याला घर बांधलं तेव्हाही तो मोडला नव्हता. पुस्तक कधी पुरं होणार हे विचारायचं नाही, हाही शिरस्ताच होता.

पुस्तक इंग्रजी शब्दांच्या मुळांचं होतं, खेड्यातल्या पोरांसाठी, मराठीतून. एकतीस वर्षं शाळेत आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात सरांनी जे शिकवलं ते सगळं त्यात यायचं होतं. एकेका धड्यात एकेक भावकी: रागाचे शब्द, पाण्याचे शब्द, भुकेचे शब्द. दिवाळीनंतर त्यांनी लपूनछपून वागण्याचे शब्द हाती घेतले होते आणि मोठ्या हौसेनं पाचसहा लिहूनही काढले होते. मग त्यांच्या बायकोचा, बेगमबींचा रिपोर्ट आला. त्याला आज अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत सरांनी एक ओळ लिहिली नव्हती.

रोज सकाळी ते टेबलाशी बसत, आधीचं वाचत आणि वही मिटत. फर्टिव्हपाशीच अडायला होई. लॅटिनमध्ये फर म्हणजे चोर. ज्याच्या नजरेत, चालण्यात चोर शिरला तो फर्टिव्ह. वर्गात शिकवताना ते स्वतः चोरासारखे फळ्यापासून दारापर्यंत चालून दाखवायचे आणि पोरं हसून लोळायची. आता न्हाणीतल्या आरशासमोर दाढी करताना तोच माणूस दिसायचा आणि हसू येत नव्हतं.

"मंगळवारी सकाळी सहाला गाडी येईल," हारिस म्हणाला. तो थोरला. शहरात त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि घरातले निर्णय गेली सातआठ वर्षं तोच घेत होता. "पित्ताचे खडे काढायचं काम ते. शुक्रवारी अम्मी घरी."

बेगमबी खाटेवर बसून सपीट चाळत होत्या. महिन्यात त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकत.

"तवर शेवया वाळत्याल का?" त्यांनी विचारलं.

"वाळतील की."

"मंग हरकत न्हाय. रमजान लागायच्या आत डबं भरून झालं पाह्यजेत."

हारिसनं मान डोलावली, बापाकडं खुर्ची सरकवली आणि पुढचं इंग्रजीत बोलायला लागला.

हेही या घरात नवं नव्हतं. बेगमबी चौथी शिकलेल्या. बाकी सगळ्यांना सरांनी घरातच इंग्रजी पाजलेली. त्यामुळं जे बेगमबींच्या कानावर पडायला नको ते त्यांच्यासमोर बसूनच, पण इंग्रजीत बोलायचं, अशी सवय पडून गेली होती. उठून दुसऱ्या खोलीत जायचेही कष्ट कुणी घेत नसे. शहाण्या माणसांचं घर होतं, पण इतका साधा बावळटपणा चाळीस वर्षांत एकाच्याही लक्षात आला नव्हता.

हारिसनं सांगितलं ते असं. ऑपरेशनच्या कागदावर पेशंटचीच सही लागते, यावर पुण्यातला डॉक्टर अडून बसला होता. पेशंटला सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही म्हणाला. शेवटी कसंबसं असं ठरलं की घरच्यांनीच सांगायचं आणि सही घेऊन यायचं. कागद हारिसच्या बॅगेत होता. उद्या संध्याकाळी तो अम्मीसमोर धरायचा, खड्यांचा आहे म्हणून सांगायचं, जागा दाखवायची. अम्मी वाचणार थोडीच, कागद तर इंग्रजीत.

"म्हणजे तू तिला फसवून तिचं पोट फाडायला निघालायस," सबिना म्हणाली. तीही इंग्रजीतच. सबिना इंदापूरला हायस्कुलात शिकवायची. बापाचा आवाज आणि बापाचा हट्ट दोन्ही तिच्याकडं आले होते.

"हळू बोल."

"हळू कशाला? इंग्रजीच बोलतेय की."

"डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना? ऑपरेशन झालं तर वर्ष, कदाचित दीड. नाही केलं तर चारसहा महिने."

"आणि सत्तराव्या वर्षी टेबलावरून उठेलच असं नाही, हेही म्हणाला. ते का गाळतोस? तिचं शरीर आहे, तिला विचार."

"विचारलं आणि ती खचली तर? माझ्या सासऱ्यांचं काय झालं? सांगितलं त्या दिवशी माणूस भिंतीकडं तोंड करून झोपला. एकोणीस दिवसांत संपला. मी बघितलंय. तू नव्हतीस."

सबिनानं बापाकडं पाहिलं. सर चष्मा पुसत होते. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

"अब्बा, तुम्ही बोला."

"हारिसला जबाबदारी दिली आहे आपण," सर म्हणाले. तेही इंग्रजीतच म्हणाले.

सबिना ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

सिमरन, हारिसची बायको, मटणाला फोडणी देत होती. गेल्या महिनाभरात बेगमबींची औषधं, पथ्य, ओकाऱ्या सगळं तिच्या अंगावर होतं, आणि नणंदेनं रविवारी येऊन न्याय करायचा याचा तिला मनातून राग होता. सबिनालाही ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "तू तरी हारिसला सांग."

"मी काय सांगू, आपा? ऑपरेशननं अम्मी आणखी वर्षभर राहणार असतील तर मला हव्याच आहेत."

"खोटं बोलून?"

"तुमी उद्या इंदापूरला जाणार. रात्रंदिवस त्यांच्या तोंडाकडं मला बघायचंय. मरणार हे ठाव असलेल्या माणसाला रोज चहा नेऊन द्यायचा, हे सोपं न्हाय."

हे खरं होतं आणि सबिनाला ते लागलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या जन्माच्या वेळी क्वार्टरमध्ये काय झालं होतं हे तिनं तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं, पण अम्मीनं स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"सिमरन, एक विचारू? तुझ्या अब्बांना सांगितलं ते चुकलं असं वाटतं तुला?"

सिमरनचा झारा थांबला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. हारिस चारचौघांत ती गोष्ट सांगायचा, भिंतीकडं तोंड केलं इथपर्यंत, आणि लोक चुकचुकायचे.

"पहिलं दोन दिवस त्यांनी तोंड फिरवलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून घेतलं. लग्नाच्या वक्ताला तुला शाळेतनं काढली, त्यो माझा गुन्हा हाय म्हणाले. माझी माफी मागितली बापानं. मला तवर वाटायचं त्यांना त्याचं काही वाटतच न्हाय." तिनं झारा पुन्हा हलवला. "यांना ते ठाव न्हाय. हे तिसऱ्या दिवशी दुकानाला परत गेले होते."

"मग?"

"मग काय, आपा. माझ्यात सांगायचं धाडस न्हाय. इतकंच."

*

बाहेर बेगमबी चाळणीला टिचक्या मारत होत्या. कोंडा वर राहत होता, सपीट खाली परातीत पडत होतं. बापलेकांचं मघाचं बोलणं सगळं त्यांना कळलं होतं.

एकोणिसशे ब्याऐंशी साली सबिना पंधरा दिवसांची असताना सुप्याहून सरांचे थोरले भाऊ आले होते. क्वार्टरच्या दारात उभं राहून दोघं भाऊ इंग्रजीत बोलले. बेगमबी आतल्या खाटेवरून बघत होत्या. दिरांनी एक शब्द दोनतीनदा उच्चारला. मग सर आत आले, बाळाला हात लावला आणि शाळेत काम आहे म्हणून निघून गेले. सव्वा महिना पुरा झाल्यावर बेगमबींना सांगण्यात आलं की दीर आले त्याच दिवशी माहेरी त्यांची आई गेली होती. बाळंतिणीला धक्का नको, दूध आटेल, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आईचं तोंड बघायला मिळालं नाही. बेगमबी तेव्हा फार रडल्याही नाहीत. एकच गोष्ट त्यांना राहून राहून डाचत होती की ती बातमी त्यांच्या खाटेपासून चार हातांवर बोलली गेली होती आणि त्यांनी शांतपणे बाळाची कुंची बांधली होती.

तेव्हापासून रोज दुपारी व्हरांड्यात सरांची शिकवणी सुरू झाली की बेगमबी दाराआड निवडणं घेऊन बसू लागल्या. आधी त्या एका शब्दासाठी बसल्या. तो कळला, तरी उठल्या नाहीत. दर जूनला नवी पोरं यायची आणि धडे पहिल्यापासून सुरू व्हायचे. ज्या मास्तरला पन्नास मुलांतल्या एकाची जांभई दिसायची, त्याला चोवीस वर्षं दाराआड बसलेली बायको दिसली नाही.

पुढं काय काय कळलं मग. हारिस बारावीला नापास झाला ते, सबिनाचं पहिलं स्थळ मोडलं ते, क्वार्टर सोडावी लागणार ते. प्रत्येक वेळी चारदोन दिवसांनी घरचे हळूच सांगायला यायचे आणि बेगमबी तोंडाला पदर लावून नवल करायच्या. आपल्याला कळतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी दुसरी भाषा शोधली असती.

अकरा दिवसांपूर्वी पुण्यात डॉक्टरनं त्यांच्यासमोरच रिपोर्ट वाचला. मॅलिग्नंट हा शब्द व्हरांड्यात कधी आला नव्हता. पण मॅल आला होता. मॅल म्हणजे वाईट. मॅलन्यूट्रिशन, मॅलप्रॅक्टिस, मॅलिस. मूळ धरा, पोरांनो, फांद्या आपोआप सापडतील, असं सर सांगायचे. बेगमबींनी मूळ धरलं. मग हारिसचा चेहरा पाहिला आणि उरलेलं कळलं. कुणी विचारलं नाही, त्यामुळं त्या काही बोलल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी केळं सोलून सरांच्या हातात दिलं.

त्यांची समजूत होती की सर सांगतील. पन्नास वर्षांचा संसार होता. रोज सकाळी चहाचा कप ठेवला की त्या मुद्दाम तिथंच थांबत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा, "पोटात निस्तं खडंच हायती ना वो?" आणि सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "खडेच आहेत." त्या वेळी जे लागलं ते रिपोर्टच्या दिवशीही लागलं नव्हतं. आणि आता उद्या सहीचा कागद येणार होता, खड्यांचा म्हणून. झोपेचं इंजेक्शन देतील, आणि त्यातून जाग आली नाही तर आपलं माणूस आपल्याशी शेवटचं जे बोललं ते खोटं असेल. बेगमबींनी परात बाजूला सारली. एवढं मात्र त्या होऊ देणार नव्हत्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "वही आणा. आज वाचायचं हाय न्हवं?"

"आज राहू दे, बेगम. तुला दगदग होते."

"ऐकायला कसली दगदग? सबिना, सिमरन, या गं भाईर. सर वाचत्यात."

*

ऐकणं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं, पण सगळे बसले. सिमरन पदराला हात पुसत दारात टेकली. हारिसनं मोबाईल खिशात टाकला. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या. त्या जाईपर्यंत सर थांबले.

"लपूनछपून वागण्याचे शब्द," त्यांनी मथळा वाचला. आवाज वर्गातला नव्हता.

"मोठ्यांदी वाचा," बेगमबी म्हणाल्या.

"फर्टिव्ह. मुळात फर, म्हणजे चोर. यात वस्तू चोरलेली नसते, चोरी नजरेत आलेली असते." त्यांनी घसा साफ केला. "स्टेल्थ. स्टील म्हणजे चोरणं, हा त्याचाच सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सरळ चोरी असाच होता. पुढं चोरी गेली आणि चोरपावलं तेवढी उरली. सरेप्टिशस. खालून हात घालून हिसकावून घेतलेलं. क्लॅण्डेस्टाइन. याच्या पोटात झाकणं आहे. पूर्वी चोरून लावलेल्या लग्नाला हा शब्द फार वापरत. स्लाय. हा उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा. मूळ अर्थ नेमका वार करण्यात तरबेज. आधी तो शहाण्या माणसाचं कौतुक म्हणून वापरत, मग लबाडाला वापरायला लागले."

"पुढं?"

"सीक्रेट." सर थांबले. पुढची ओळ त्यांनीच दिवाळीनंतर लिहिली होती, तरी ती वाचायला त्यांना वेळ लागला. "चाळून बाजूला काढलेलं. ज्यांना कळायचं ते एकीकडं, ज्यांना कळू द्यायचं नाही ते एकीकडं."

"आन् मंग?"

"इथंच संपलं. पुढं लिहिलं नाही."

"कनाइव्ह ऱ्हायला," बेगमबी म्हणाल्या.

उच्चार अगदी सरांचा होता. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, पोरगं अवघड शब्दाचा अर्थ सांगून उभं राहिलं की पाहायचे तसं.

"कनाइव्ह म्हंजी डोळं मिटून घ्यायचं," बेगमबी चाळणीकडं बघत सांगू लागल्या. "समोर वाईट चाललंय, दिसतंय, तरी बगायचं न्हाय. आपल्यात डोळेझाक म्हनत्यात. तुमी पोरास्नी सांगायचा, वर्गात दोन पोरं कापी करत्यात आन् मास्तर खिडकीभाईर बगतोय. पोरं चोर हायती, पर कनाइव्ह मास्तर करतोय."

"अम्मी," सबिना म्हणाली.

हारिस उभा राहिला आणि परत बसला. अकरा दिवसांत अम्मीसमोर काय काय बोललो ते त्याला एकदम आठवायला लागलं. कबरस्तानातल्या जागेविषयी सुद्धा बोलून झालं होतं, अम्मीनं वाढलेल्या ताटावर बसून.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"सबिना पंधरा दिसाची व्हती तवापासनं. तुमचं भाऊ आलं, दारात हुबं ऱ्हाऊन एक्स्पायर्ड म्हनलं. मला वाटलं कारखान्यातलं कायतरी काम असंल. मी पोरीची कुंची बांधत बसले." बेगमबींनी पहिल्यांदा नवऱ्याकडं सरळ पाहिलं. "दाराआड बसून शिकले मी, सर. तुमच्या वहीतला चोर मी बी हाय. फीसुदीक दिली न्हाय."

सरांच्या हातातून वही मांडीवर घसरली. आपल्या बायकोनं आपल्याकडून चोवीस वर्षं शिकावं आणि तिला शिकावं का लागलं याचं कारण आपणच असावं, हे त्यांच्या मनात शिरायला वेळ लागत होता. त्यांना तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

"आता सांगा," बेगमबी म्हणाल्या.

"काय?"

"मला काय झालंय ते. विंग्रजी नगं. मराठीत सांगा. माज्याकडं बगून."

"अम्मी, खडे..." हारिस मध्ये पडला. ते तोंडून गेलं ते निव्वळ सवयीनं.

"गप बसा तुमी," दारातून सिमरन म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. ती नवऱ्याला चारचौघांत असं कधी बोलली नव्हती. "अब्बांना सांगू द्या. माझ्या बापानं तोंड फिरवलं एवढंच बघितलंत तुमी. तिसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले. मला माझा बाप त्या दिवशी मिळाला."

हारिसनं बायकोकडं पाहिलं. हे त्याला नवं होतं. त्यानं बॅगेवरचा हात काढून घेतला.

सर खुर्चीवरून उठले आणि खाटेवर बेगमबींच्या शेजारी येऊन बसले. एकतीस वर्षं ज्या माणसाला शब्द कधी कमी पडला नव्हता, त्याची जीभ हलत नव्हती.

"बेगम," ते म्हणाले, "तुला कॅन्सर झालाय. पित्ताशयात झालाय आणि लिव्हरपर्यंत गेलाय. ऑपरेशन केलं तर वर्ष मिळेल, जास्तीत जास्त दीड. नाही केलं तर चारसहा महिने. ऑपरेशनमध्येच काही होऊ शकतं, असंही डॉक्टर म्हणालेत. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. मला भीती वाटत होती. हारिसचं नाव पुढं केलं, पण मीच पळत होतो."

बेगमबी ऐकत होत्या. हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि तरी आता कुठं ते खरं झाल्यासारखं वाटलं.

"आता इचारा," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"करायचं का न्हाय ते."

सरांनी त्यांचा हात हातात घेतला. लेकीसुनेसमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "बेगम, ऑपरेशन करायचं का?"

"न्हाय."

"अम्मी, ऐक माझं," हारिस रडत होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लहान पोरासारखं त्याचं नाक वाहत होतं. "वर्ष म्हणजे थोडं नाही गं."

"थोडं न्हाय, बाळा. पर ते दवाखान्यातलं. नळ्या लावून पडायचं, आन् रोज तुजी दुकानापासनं पुण्यापातूर पळापळ. मला हितं ऱ्हायचंय. रमजान हितं करायचाय, शेवया माज्या हातानं वाढायच्यात. जमतील तेवढं रोजं धरीन."

"आजाऱ्याला रोजे माफ असतात," सर म्हणाले.

"ठाव हाय. तरी जमतील तेवढं." मग त्या हारिसकडं वळल्या. "तुज्यावर राग न्हाय माजा. तू मला जगवाया बगत व्हतास. पर माज्यावाचून."

हारिसनं कागद बॅगेतून काढला, फाडला नाही, नुसता घडी घालून सबिनाच्या हातात दिला. ती तो घेऊन काय करावं हे न कळून उभी राहिली. सिमरन आत जाऊन पाणी घेऊन आली आणि पहिल्यांदा सासूच्या पायाशी खाली बसली.

सकाळी मळलेलं सपीट ओल्या फडक्याखाली तसंच होतं. ऊन चढत होतं आणि साड्या रिकाम्या होत्या. एरवी बेगमबींनी एव्हाना दहा वेळा हाका मारल्या असत्या. आता त्या सरांचा हात धरून बसल्या होत्या.

"अवं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला लई भ्या वाटतंया."

सरांनी हात घट्ट धरला.

"अकरा दिस झालं. रोज वाटायचं कुनाला तरी सांगावं. पर मला म्हाईतच न्हाय, असं तुमी धरून चालला व्हता. मंग सांगू कुनाला?"